ॲशव्हिलच्या मैत्रिणीला अजून एकच टिक, आणि इथे काकूंचे फोन

कोलशेतवाली | १ ऑक्टोबर २०२४, रात्री

माझी शाळेपासूनची मैत्रीण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलला राहते. ग्रुपमध्ये तिला सगळ्या बारकी म्हणतात, इथेही तेच म्हणते. शुक्रवारी आपल्या दुपारी, म्हणजे तिथल्या पहाटे, तिचा मेसेज आला : "लाइट गेले. वारा भयंकर. झाडं मोडल्याचे आवाज येतायत." त्यानंतर जे पाठवलं त्याला एकच टिक. फोन लावला तर वाजतही नाही, सरळ इंग्रजी बाई बोलायला लागते.

हेलीन वादळ धडकलं फ्लोरिडात, २६ तारखेच्या रात्री. बातम्याही सगळ्या फ्लोरिडाच्याच. बारकी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरात, साडेसहाशे मीटर उंचीवर. बुधवारी आपल्याकडे रेड अलर्ट होता तेव्हा तीच मला विचारत होती, "घोडबंदर रोड तुंबला का गं?" आणि आता तिच्याच शहरातले पुराचे फोटो बघतेय. घरांची फक्त छपरं दिसतात. तिचं घर उतारावर आहे, पण खाली स्वॉननोआ नदी आहे, एवढं मला माहीत आहे.

तिची आई नौपाड्यात एकटी असते. काकू रोज संध्याकाळी सातच्या बातम्या संपल्या की मला फोन करतात. "तुझ्याशी बोलली का गं?" एवढंच विचारतात. मी नाही म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून देतात. ते "बरं" ऐकवत नाही.

तिथल्या माणसाची खबर इथे ठाण्यात बसून कशी काढायची, कोणाला अनुभव आहे का? ग्रुपवर सगळ्या दर तासाला "ठीक आहेस ना? रिप्लाय दे" करून पाठवतायत, त्याचा काही उपयोग असतो का? आणि काकूंना काय सांगायचं? खोटं बोलायचं नाहीये मला.

नेरुळचा जुना हॅम | १ ऑक्टोबर, रात्री

ताई, आधी त्या एका टिकेबद्दल. एक टिक म्हणजे तिचा फोन नेटवर्कवर नाही, इतकंच. त्यातून दुसरा अर्थ काढू नका. तिकडे डोंगरातले बहुतेक मोबाइल टॉवर बंद आहेत : वीज गेली, फायबर तुटली, जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ते नाहीत.

व्हॉट्सॲप न पोचलेला मेसेज ३० दिवस धरून ठेवतं. म्हणजे तुम्ही एकदा लिहिलंत तरी तो पोचणारच आहे. तासातासाला लिहिलंत तर तिला जेव्हा कुठे एक काडी रेंज मिळेल तेव्हा ते सगळं तिच्या अंगावर एकदम कोसळेल. त्यात कोणी फोटो, व्हिडिओ, नवरात्रीची शुभेच्छाचित्रं घातली असतील तर झालंच, बॅटरी आणि रेंज दोन्ही त्यातच जाणार. साधा एसएमएस दिवसातून एकदा करा. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं, एसएमएस अगदी कमकुवत सिग्नलवरही जातो.

आता आमच्या हॅम रेडिओच्या छंदातलं, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसचं. ॲशव्हिलच्या ईशान्येला माउंट मिचेल आहे, २०३७ मीटर, मिसिसिपीच्या पूर्वेचं सगळ्यात उंच शिखर. तिथला हॅम रेडिओचा रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुढे फेकणारं यंत्र, वादळातही चालू राहिला. शुक्रवारपासून त्यावर अखंड बोलणं चालू आहे : अमुक रस्ता बंद, तमुक पत्त्यावर म्हातारं जोडपं आहे, कोणी जवळ असेल तर बघून या. खालची माणसं खरंच जाऊन बघून येतात आणि परत रेडिओवर सांगतात. तो व्हीएचएफ आहे, म्हणजे त्याच्या लहरी फार लांब पोचत नाहीत, त्यामुळे आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला त्याचा काही उपयोग नाही. पण तिथले लोक तो आवाज इंटरनेटवर सोडतायत. मी काल रात्रभर ऐकला. पत्ता असेल तर अमेरिकेतल्याच कोणा नातेवाइकामार्फत निरोप द्या, इथून थेट नको.

शार्लटहून | १ ऑक्टोबर, इकडे दुपार

मी शार्लटला असतो, मूळचा कळव्याचा. ॲशव्हिल इथून साधारण २०० किलोमीटर. एरवी शनिवारी सहज जाऊन येतो. सध्या राज्याच्या परिवहन खात्याने सांगितलंय की पश्चिमेकडचे सगळे रस्ते बंदच समजा. आय-४० महामार्ग टेनेसी राज्याच्या बाजूला पिजन नदीने कापून नेलाय. त्यामुळे "मी जाऊन बघतो" म्हणायची सोय नाही, नाहीतर निघालोच असतो.

करण्यासारखं एक आहे. ॲशव्हिल ज्या बंकम काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) येतं, त्या काउंटीने संपर्क न होणाऱ्या माणसांसाठी ऑनलाइन फॉर्म ठेवलाय. नाव, पूर्ण पत्ता, वय, काही औषधं चालू असतील तर ती, गाडीचा रंग-मॉडेल, असं नीट भरा. मात्र एका माणसासाठी एकानेच भरा. तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी भरला तर तिथे बसलेल्या माणसांना तेवढ्या वेळा तीच बाई शोधावी लागेल. आणि ती सापडली की फॉर्मवाल्यांना कळवा, ते सगळे विसरतात.

तिथे पाण्याचे हाल आहेत. धरणातून शहराला येणाऱ्या मुख्य वाहिन्याच वाहून गेल्या. लोक ओढ्याचं पाणी बादलीने आणून संडासात ओततायत. वायफायसाठी लायब्ररीबाहेर गर्दी असते. तुमची मैत्रीण तिथपर्यंत चालत पोचली की तुम्हाला कळेल.

ॲशव्हिलला लोक हवामानबदलापासून सुरक्षित जागा म्हणून घर घ्यायला येत होते, हे तुम्हाला विचित्र वाटेल. इथे आधीचा मोठा पूर १९१६चा सांगतात. फ्रेंच ब्रॉड नदीने या वेळी तोही मागे टाकला. वादळ यायच्या आधीच दोन दिवस पाऊस लागून होता, डोंगर भिजून गच्च झाले होते, त्यावर हे आलं.

अजून एक. फेमा (अमेरिकन सरकारची आपत्ती-मदत संस्था) फक्त ७५० डॉलर देऊन हात झटकतेय असले फॉरवर्ड फिरतायत. ती तातडीच्या गरजांसाठीची पहिली रक्कम आहे, बाकीची मदत वेगळी. पूल कोसळल्याचे भलत्याच देशातले व्हिडिओही येतायत. काकूंच्या फोनवर यातलं काही जाऊ देऊ नका.

सेक्टर सतरा | २ ऑक्टोबर, सकाळी

अमेरिकेत आहेत त्या. हेलिकॉप्टरं आहेत, सरकार आहे. आपल्याकडे कोकणात वादळ आलं तेव्हा कोणी एवढी चौकशी केली होती?

दिवेआगरचा भाचा | २ ऑक्टोबर, दुपारी

सेक्टर सतरा, केली होती. मी केली होती, म्हणूनच लिहितोय.

३ जून २०२०. निसर्ग वादळ आमच्या मामाच्या गावावरूनच आत शिरलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात. मी ऐरोलीत टीव्हीपुढे. वाहिन्या सकाळपासून वरळी आणि गेटवे दाखवत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, मुंबईवरचं संकट टळलं. टळलं म्हणजे कुठेतरी पडलं ना! तिकडे माड-पोफळी आडव्या झाल्या होत्या, घरांवरची कौलं उडाली होती, विजेचे खांब ओळीने झोपले होते, आणि टीव्हीवर त्याचं एक चित्र नाही, कारण तिथून बातमी द्यायला फोनच चालू नव्हता. कोलशेतवाली ताईंनी फ्लोरिडाच्या बातम्यांचं लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं. जिथून काहीच ऐकू येत नाही तिथे जास्त पडलेलं असतं.

मामाचा पहिला फोन आला तो म्हसळ्याच्या घाटातून. एका वळणावर रेंज लागते म्हणून गावातली पोरं मोटरसायकलवर तिथे जायची, खिशात सगळ्या आळीचे फोन नंबर लिहिलेला कागद. मामाला बोलायला मिनिटभर मिळालं. त्या मिनिटात आईने विचारलं, "कसा आहेस?" आणि तो रडायला लागला, मिनिट संपलं. त्याला काय हवंय ते राहूनच गेलं.

मग आईने शिस्त लावली. फोन आला तर पनवेलच्या मावशीकडेच येईल, बाकी कोणी लावायचा नाही. मावशी सगळ्यांना सांगेल. आणि मावशीने "कसा आहेस" विचारायचं नाही, "काय हवंय" पण नाही. ज्याचं छप्पर गेलंय त्याला काय हवंय ते सुचत नाही हो, तो म्हणतो "काही नको, तुम्ही काळजी घ्या." मावशीने सांगायचं : शुक्रवारी ताडपत्री, मेणबत्त्या आणि सोलर दिवे घेऊन गाडी निघतेय, नको असेल तरच कळव. लॉकडाउन होता, ई-पास काढावा लागला. ताडपत्रीचे भाव पनवेलमध्येच दुप्पट झाले होते.

वीज यायला कित्येक आठवडे लागले. पंचनामे झाले. पोफळी आज लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर वाडीतून उत्पन्न काय? हे सगळं जूनमध्ये कोणाच्या ध्यानात नव्हतं, तेव्हा नुसते फोन येत होते. गणपतीत मी मामाला फोन केला तर म्हणाला, "आता वादळाचं कोणी विचारत नाही रे, सगळे करोनाचं विचारतात." तेव्हा त्याला बोलायचं होतं. अर्धा तास नुसत्या झाडांबद्दल बोलला, कुठलं कोणी लावलं होतं ते.

तर ताई, बारकीला एकच मेसेज असा करा की ज्याला उत्तर द्यावं लागणार नाही. आणि त्यात तिच्या आईची खबर घाला. पडलेल्या घरात बसलेला माणूस पण इथल्यांच्या काळजीची काळजी करत असतो.

काकूंकडे फोनवर नका बोलू. जाऊन बसा.

कोलशेतवाली | ३ ऑक्टोबर, रात्री

सापडली! तिच्या नणंदेला राले शहरात (त्याच राज्यातलं) काल रात्री मेसेज आला, शेजाऱ्याच्या आयफोनवरून, सॅटेलाइटवरून जातो तसला. "घर उभं आहे. तळघरात पाणी. सगळे ठीक. ठाण्याला कळव." नणंदेने मला, मी काकूंना.

फोनवर सांगितलं नाही. सकाळी रिक्षा करून नौपाड्यात गेले. घटस्थापना, गोखले रोडला फुलांची ही गर्दी. काकूंनी घट बसवला होता, सोवळ्यात होत्या, दार उघडून माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "चप्पल काढ आधी." मग ऐकलं. मग मला तीनदा विचारलं की तळघरात पाणी म्हणजे किती. मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, कोणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. खाली जाऊन आणून दिल्या. भाच्याने सांगितलं तसा मेसेज केला बारकीला : "काकू ठीक. गोळ्या आणल्या. आज घट बसला. मी रविवारी पुन्हा जातेय. उत्तर देऊ नकोस."

फॉर्म नणंदेने भरला होता, तिनेच आज रद्द करायला कळवलं. शार्लटवाले, तुमचे विशेष आभार. ग्रुपवरचं "ठीक आहेस ना" बंद केलंय. एक जण रुसलीय, रुसू दे.

कोलशेतवाली | १० ऑक्टोबर

काल काकूंचा अवेळी फोन. टीव्हीवर पुन्हा हरिकेन, आता मिल्टन. "अगं, परत तिच्याकडे चाललंय!" मग आज तिथे जाऊन जुना शालेय नकाशा काढला त्यांच्याच कपाटातून आणि दाखवलं की हे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा की पाशी आलं, ते आडवं फ्लोरिडा ओलांडून अटलांटिकमध्ये जातंय, बारकी ही इथे वर. काकूंनी चष्मा लावून बोटाने अंतर मोजलं. पटलं, पण अर्धवटच.

शार्लटहून | १० ऑक्टोबर

बरोबर दाखवलंत. आमच्याकडे त्याचं काही नाही. ॲशव्हिलला टँकरचं पाणी चालू आहे, वीज बऱ्याच भागात आली.

दिवेआगरचा भाचा | १७ नोव्हेंबर

ताई, वर आणतोय धागा. मैत्रिणीचं काय? आता कोणी विचारत नसेल म्हणून विचारलं.

कोलशेतवाली | १९ नोव्हेंबर

बरं झालं विचारलंत. काल, १८ तारखेला, ॲशव्हिलचं नळाचं पाणी न उकळता प्यायला चालेल असं जाहीर झालं. सप्टेंबरअखेरपासून पिण्याचं पाणी बाहेरूनच आणत होते. परवा तिच्याशी तासभर बोलले. तिचं ऑफिस नदीकाठच्या भागात होतं, ते गेलं. नोकरी आहे, पण घरून. तळघराच्या भिंती कापून काढल्यात बुरशीमुळे. विम्यात पूर धरलेला नाही, डोंगरात कोण घेतो पुराचा विमा? त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

लायब्ररीबाहेर पहिल्यांदा रेंज मिळाली तेव्हा दोनशेच्या वर मेसेज पडले म्हणे. तिने गोळ्यांचा तेवढा वाचला आणि फोन बंद करून पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

दिवाळीत फराळ पाठवू का विचारणाऱ्यांसाठी : तेव्हाही नको म्हणाली, आताही नको, ठेवायला कोरडी जागा नाही. जानेवारीत काकू जातायत, व्हिसा आधीचाच आहे. २३ किलोच्या दोन बॅगा. एक त्यांच्या कपड्यांची, दुसरी मी भरणार आहे. भाजणी, मेतकूट, आणि तिने मुद्दाम सांगितलेले चांगले रबरी हातमोजे. तिथे तेच मिळेनासे झालेत म्हणे.