विषय: सोलापुरातले आईबाबा आणि त्यांची गाडी

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात सोलापूरला जाणाऱ्या सगळ्यांच्या वतीने विचारते. सत्तरी ओलांडलेलं घरातलं कुणी अजून गाडी चालवत असेल, तर सुट्टीच्या दोन-तीन आठवड्यांत काय काय बघून घ्यावं? ‘आता गाडी बंद करा’ म्हटलं की घरात अबोला सुरू होतो.

*

ताई, आधी डोळे. नुसता चष्म्याचा नंबर नको, काचबिंदूचीही तपासणी करायला सांगा. त्यात कडेची नजर जाते. समोरची अक्षरं स्वच्छ वाचता येतात, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही आणि सात रस्ता चौकात बाजूने घुसणारी रिक्षा दिसत नाही. मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात फाकतो.

शिवाय डिसेंबरात ऊसतोडीचा हंगाम असतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, कित्येकींना ना दिवा ना रिफ्लेक्टर. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरा, म्हणजे ३४ मीटर. पुढे थांबायला आणखी वीसेक. लो बीमचा उजेड जेमतेम तेवढाच पोचतो. अक्कलकोटहून परतताना तर गाडीचं तोंड पश्चिमेला, मावळतं ऊन थेट डोळ्यांवर. देवदर्शनाला सकाळी निघायचं आणि चारच्या आत घरी यायचं, एवढं तरी त्यांच्याकडून कबूल करून घ्याच. काच आतूनही पुसा. आतल्या धुरकट थरानेच जास्त चमकतं.

*

याला जोड म्हणून थोडं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर निघण्याआधी बोटातून साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्यावं. ७० च्या खाली गेली तर गाडीला हात लावू नये. साखर सावरल्यावरही पाऊण तास थांबावं, कारण आकडा लवकर सुधारतो, डोकं मागाहून ताळ्यावर येतं. एकादशीच्या उपासाला हे विसरू नका. सर्दीच्या गोळीनेही गुंगी येते.

सीट अशी लावा की छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटिमीटर अंतर राहील आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला असेल. मान वळत नसेल तर बाजूचे आरसे आपलीच गाडी जेमतेम दिसेल इतके बाहेर वळवा. सुटी चप्पल पॅडलखाली अडकते, मागे पट्टा असलेली घालावी.

पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो. अर्ज वर्षभर आधी करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट.

*

काका, गुडघे दुखतात म्हणून ऑटोमॅटिक घेऊन द्यावी का?

*

द्यावी, पण किल्ली देऊन लगेच परत विमानात बसू नका. क्लचच्या सवयीने डावा पाय आपोआप पुढे जातो आणि ब्रेक कचकन दाबला जातो. रिकाम्या मैदानात आठवडाभर सराव करून घ्या, डावा पाय मागे, टाच सीटजवळ टेकवून.