रचना उलगडली, पण ठेका?
१९७१ मध्ये जीएनआरएचची (मेंदूतून येणारा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला प्रजननाची संप्रेरकं सोडायला लावणारा रेणू) रचना उलगडली आणि १९७७ मध्ये त्यावर काम करणाऱ्या शॅली-गिलेमिन यांना नोबेल मिळालं, तिथेच या विषयातलं मोठं काम संपलं, असा या चर्चेतला सूर आहे; तो काही पटला नाही. संप्रेरकांचे अभ्यासक अर्न्स्ट नोबिल यांचं नाव इथे कुणीच घेतलेलं दिसत नाही. अंडाशय काढलेल्या रीसस माकडिणींच्या रक्तात एलएच (पिट्युटरीतून येणारं प्रजननाचं एक संप्रेरक) साधारण तासातासाने उसळतं, हे त्यांच्या गटाला १९७० मध्येच दिसलं होतं.

त्यांच्या गटाचा १९७८ चा प्रयोग तर भन्नाट आहे. मेंदूतला जीएनआरएचचा स्रोतच निकामी केलेल्या माकडिणींना जीएनआरएच बाहेरून दिला. सतत दिला तेव्हा एलएच आणि त्याच्या जोडीचं पिट्युटरी संप्रेरक एफएसएच खाली घसरले; तासातून एकदा, फक्त सहा मिनिटं दिला तेव्हा दोन्ही पूर्ववत. रेणू तोच, बदललं ते वेळापत्रक! (मात्रा वाढवा म्हणजे परिणाम वाढेल, हा सरधोपट हिशेब इथे साफ आपटतो.) अकाली वयात येणाऱ्या मुलांना किंवा प्रोस्टेट कर्करोगात ल्युप्रोलाइड (जीएनआरएचसारखंच काम करणारं औषध) देतात ते याच उलट्या परिणामासाठी: पिट्युटरीला सतत ढोसत राहायचं, पहिले काही दिवस संप्रेरकं उलट वाढतात, मग पिट्युटरी दादच देईनाशी होते.