हरभऱ्याच्या गाठी आतून पांढऱ्या का?

प्रश्न (मंगळवेढा): ४० दिवसांचा हरभरा मातीसकट उपटून पाहिला, तेव्हा मुळांवर गाठी दिसल्या, मात्र नखाने फोडल्यावर त्या आतून पांढरट निघाल्या. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) चोळले होते, मग चुकले कोठे?

उत्तर (बार्शी): हवेतले नत्र स्थिर करणारी, म्हणजे ते झाडाला वापरता येईल असे करून देणारी गाठ लेगहिमोग्लोबिन या लाल रंगद्रव्यामुळे आतून गुलाबी असते; पांढरी गाठ हे काम करत नाही. जिवाणूंचे पाकीट तुरीसाठीचे तर नव्हते ना? हरभऱ्याला त्याचे स्वतःचे जिवाणू लागतात.

उत्तर (मोहोळ): युरिया किती दिला, तेही सांगावे, आयते नत्र मिळाले की झाड गाठींना साखर पुरवण्यात हात आखडता घेते.

प्रश्नकर्ता: युरिया दिलेला नाही आणि पाकीटही हरभऱ्याचेच होते, परंतु बुरशीनाशक व जिवाणू एकाच घमेल्यात कालवले होते.

उत्तर (बार्शी): मग चोळलेले जिवाणू बहुधा तेथेच मेले, आणि या गाठी जमिनीतल्याच दुबळ्या जिवाणूंच्या असाव्यात. पुढच्या वेळी बुरशीनाशक आधी लावून सुकू द्यावे, नंतर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू गुळाच्या थंड पाण्यातून चोळून, सावलीत वाळवून लगेच पेरावे.