चेनचं मशीनही फसतं
"चेनवालं पोकलेन (चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या चेनवर चालणारं खोदायचं मशीन) चिखलात फसत नाही" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. वीस टनी पोकलेनचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो, टायरवाल्या जेसीबीपेक्षा बराच कमी. पण हा हिशेब मशीन सरळ उभं असतानाचा. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, आडवा फिरवून भरलेली बकेट उचलली की बहुतेक वजन एकाच चेनवर येतं, आणि भर पावसाळ्यात काळ्या रानात ती तिथेच बसते. त्यात ऑपरेटर पुढे-मागे करत राहिला तर विचारूच नका. मशीनचं पोट जमिनीला टेकलं की चेन नुसती जागेवर फिरते.

काळी माती खालून धरून ठेवते. म्हणून ओढण्याआधी चेनच्या कडेने खणून ती पकड सोडवा. मग बकेट जमिनीवर दाबून एक बाजू उचला, खाली जाड ओंडके सारा (चेनखाली हातपाय घालायचे नाहीत), मग दुसरी बाजू. नुसता मुरूम ओतू नका, चिखल तो गिळून टाकतो. ओढायचा वायररोप (तारेचा दोर) ताणलेला असताना आसपास कुणी नको. आणि रोप बकेटच्या दातांना अडकवणारे महाभागही असतात. तो खालच्या चासीलाच बांधायचा.