व्हिक्टोरिया सरोवर: जाळ्याचा ५ इंची आस (जाळीतलं एक भोक) मोजायचा कसा?

प्रश्न: केनियाच्या बाजूला नाईल पर्च माशाच्या गिलनेटला (मासा कल्ल्यांशी अडकवणारं उभं जाळं) किमान ५ इंच आस लागतो. हे माप बाजूचं की ताणलेलं?

उत्तर १: ताणलेलं. आस कर्णात ओढून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर मोजा. एक बाजू अडीच इंच भरली की झालं. बाजूच ५ इंच धरली तर जाळं १० इंची होईल, हाती काय लागणार!

उत्तर २: एकतारी (मोनोफिलामेंट) जाळं मापात असलं तरी बंदच. तुटून तळाला गेलं तर कुजत नाही, मासे अडकतच राहतात. रापणीलाही (किनाऱ्याकडे ओढायचं जाळं) मनाई: किनाऱ्यालगतची पिल्लं आणि तिलापिया माशाची घरटी खरवडली जातात.

उत्तर ३: पकडलेल्या नाईल पर्चची लांबीही बघा, ५० ते ८५ सेंमी. वरची मर्यादा अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्या वाचाव्यात म्हणून. लोक नेमकी तीच विसरतात.