घाशीराम कोतवाल (१९७६, चित्रपट, नाटक नव्हे): डिस्क किंवा कॅसेट कुठं मिळेल?

गोदाकाठचा_गडी
राम राम मंडळी. परभणीत आमचा नाटकवेड्यांचा लहानसा गट आहे. पुढच्या महिन्यात घाशीरामवर एक संध्याकाळ करावी म्हणतोय. आधी चित्रपट दाखवायचा, मग त्यावर गप्पा. चित्रपट म्हणजे युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हनं १९७६ साली केलेला. पटकथा नाटककार विजय तेंडुलकरांचीच, घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप यांनी मिळून दिग्दर्शित केलेला. बरेच दिवस शोधायलोय, दुकानदार तोंडाकडं बघतात.

डीव्हीडी, व्हीसीडी, अगदी जुनी व्हीएचएस कॅसेटही चालेल. बजेट पंधराशे. हॉल जुना, भिंती दगडी; रेंज फक्त खिडकीत उभं राहिलं तर येते. त्यामुळं ऑनलाइन बघा म्हणू नका. आणि नाटकाचं चित्रीकरणही सुचवू नका, ते आहे आमच्याकडं.

फुलंब्रीकर_बापू
नाटक बघा हो. जब्बार पटेलांनी बसवलेलं, चंदावरकरांचं संगीत. त्याला तोड नाही. चित्रपट कशाला पाहिजे?

गोदाकाठचा_गडी
बापू, पहिल्याच पोस्टीत लिहिलंय की.

फुलंब्रीकर_बापू
वाचलं. वाचूनच सांगायलो. नाटकात ती माणसांची रांग पडदा होऊन उभी राहते, डुलते, मधूनच फुटते, तेच तर सगळं नाटक आहे. कॅमेरा आला की गेलं ते. आमच्या वेळी ह्या नाटकासाठी लोक भांडले होते. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, मग वाद, मग नाटक करणाऱ्या संस्थेनंच प्रयोग थांबवले, मग नाटकातल्या पोरांनी थिएटर अकॅडमी ही वेगळी संस्था काढली. तुम्ही आजकालची मंडळी डिस्क शोधत बसता.

मोंढानाका
डिस्क राहू द्या, आधी सांगा दाखवणार कशावर? मी दिवाळीत लेझर प्रोजेक्टर घेतला, एक लाख दहा हजार पडले, पण काय चित्र आहे राव. काळा म्हणजे काळा. जालन्यात असा दुसरा नसेल. जुना बल्बवाला असेल तर विकून टाका, बल्ब गेला की आठ-नऊ हजारांना बसतो.

गोदाकाठचा_गडी
भाऊ, बजेट पंधराशे आहे.

मोंढानाका
हो हो, ते कळलं. मी फक्त सांगून ठेवलं.

वजिराबादी
मी नांदेडला सीडीच्या दुकानात कामाला होतो, त्यामुळं हे अधिकारानं बोलतो. मोझर बेअरवाल्यांनी २८ रुपयांत व्हीसीडी अन् ३४ रुपयांत डीव्हीडी काढली ना, तेव्हा दुकानाबाहेर रांग लागायची. दादा कोंडके, लक्ष्या, अशोक सराफ, देवादिकांचे चित्रपट, गठ्ठ्यानं जायचे. घाशीराम कुणी मागितला नाही न् आम्ही कधी मागवला नाही. व्हीसीडी मिळाली तरी घेऊ नका. ३५२ बाय २८८ चं चित्र असतंय, मोठ्या पडद्यावर माणसाचं नाक कुठं न् पगडी कुठं कळत नाही. वर दोन डिस्क, मध्येच उठून बदला. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात.

ढगाळ_धाराशिव
मला एका ऑनलाइन विक्रेत्यानं असंच फसवलं होतं. दुसराच चित्रपट होता, नाव सांगत नाही, लोक हसतील. ‘दुर्मिळ, ओरिजिनल’ म्हणून साडेआठशे घेतले. कव्हर रंगीत झेरॉक्स, तेही कात्रीनं वाकडं कापलेलं. डिस्क उलटी केली तर खालची बाजू जांभळी. कंपनीत छापलेली डिस्क खालून चांदीसारखी पांढरी असते; जांभळट-निळसर असली की घरच्या कॉम्प्युटरवर भाजलेली समजायची. आणि अर्ध्या तासानंतर चित्र चौकटी-चौकटीत फुटायला लागलं. पैसे परत मागितले तर म्हणे ‘तुमचा प्लेअर खराब आहे’. कुरिअर हातात पडलं की आधी डिस्क उलटी करून बघा, मगच पैसे.

सीताफळ_बालाघाट
यूट्यूबवर आहे. लिंक टाकलीय बघा.

गोदाकाठचा_गडी
ते एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं आहे, दादा. नानांच्या मिशा दुसऱ्या प्रवेशात सुटल्यात.

सीताफळ_बालाघाट
पण घाशीरामच आहे ना?

पितळखोरा
सिंहासन बघा त्यापेक्षा. १९७९. सामना पण भारी आहे. दोन्ही सहज मिळतील.

लॉ_कॉलेज_रोड
मूळचा अंबाजोगाईचा, आता पुण्यात. मला वाटतं तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. हा चित्रपट आपल्याकडं दुकानात कधी दिसला नाही. ही बँकेकडून कर्ज काढून फिल्म इन्स्टिट्यूटच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या सहकारी गटानं केलेली निर्मिती. अशा चित्रपटांमागं पोस्टर लावणारा वितरक नसतो, मग व्हिडिओ हक्क विकत घ्यायला कोण येणार? प्रिंट टिकली हेच विशेष. बर्लिनच्या आर्सेनल ह्या संस्थेकडे एक प्रिंट होती, तिच्यावरून डिजिटल प्रत झाली. ते लोक प्रदर्शनासाठी चित्रपट भाड्यानं देतात, ईमेल करा. भाडं युरोत असेल, तेव्हा पत्रात ‘तिकीट नाही, लहान गट’ हे ठळक लिहा, कधीकधी सूट मिळते.

दुसरं म्हणजे इथलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ पासून आहे, २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. तिथं अभ्यासकांना आधी अर्ज करून तिथल्या तिथं चित्रपट बघता येतात. डिस्क घरी देत नाहीत. पण तुमच्यातला एकजण येऊन टिपणं काढून गेला तरी तुमची संध्याकाळ उभी राहील. आणि जवळची एखादी नोंदणीकृत फिल्म सोसायटी गाठा. संस्थेच्या लेटरहेडवर गेलेल्या पत्राला उत्तर येतं, ‘आमचा नाटकवेड्यांचा गट’ म्हटलं की येत नाही.

मोंढानाका
बर्लिनहून डिस्क आली तर आपल्या प्लेअरला चालणार नाही. रिजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल तो आकडा. आपला पाच, त्यांचा दोन.

लॉ_कॉलेज_रोड
डिस्क येईल असं कुणी म्हटलंच नाही. पण मुद्दा निघालाच आहे तर, दोन्हीकडे टीव्हीच्या चित्राची पाल पद्धतच आहे, त्यामुळं चित्र बिघडायचं नाही. आणि बाजारातले स्वस्त प्लेअर बहुतेक सगळे रिजन घेतात. महागड्या ब्रँडचेच अडून बसतात.

मोंढानाका
माझा महागडा आहे म्हणून सांगितलं.

शहागंज_चमन
विषय निघालाय तर सांगतो. घाशीराम सावळदास हा मूळचा आपल्या औरंगाबादचा! नाटकात कनोजचा करून टाकला. खरा माणूस इथला, पुण्याला गेला, कोतवाल झाला, १७९१ मध्ये लोकांनी दगडांनी ठेचून मारला. आपल्या गावातला एवढा मोठा बदनाम माणूस, आणि गावाला त्याचं काही नाही. एखादी पाटी तरी लावा म्हणतो मी.

खुलताबादी
पाटी कशाची लावता, जुलमी होता तो. तुरुंगात कोंडून माणसं मारली.

शहागंज_चमन
मग काय झालं? पुण्यात काय सगळे संत होते? नानांनीच नेमला ना त्याला?

फुलंब्रीकर_बापू
नानांबद्दल जपून बोला. नाटकातला नाना आणि इतिहासातला नाना वेगळे. हा वाद १९७२ लाच होऊन गेलाय.

खुलताबादी
बापू, तुम्हीच वर म्हणालात लोक भांडले होते म्हणून.

संपादक_मंडळ
इतिहासासाठी वेगळा धागा काढा. इथं कॅसेटचं बोला.

सीताफळ_बालाघाट
जुना चित्रपट आहे, हक्क संपले असतील. कुणाकडून पण कॉपी मारून दाखवा, कोण विचारतंय.

लॉ_कॉलेज_रोड
नाही संपले. आपल्या कायद्यात चित्रपटाला प्रकाशनानंतरची ६० वर्षं असतात, ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. १९७६ धरलं तर २०३६ संपेपर्यंत. घरी बघणं वेगळं, हॉलमध्ये लोक बोलावून दाखवणं वेगळं.

गंजगोलाई
लातूरकर. व्हीएचएस चालेल म्हनला म्हनून लिव्हतो. उदगीरची एक व्हिडिओ लायब्ररी कधीच बंद पडली, तिची दोन पोती कॅसेटी माझ्या चुलत्याच्या माळवदावर पडल्यात. त्यात एकीवर पेनानं ‘घाशी’ एवढंच लिव्हलंय, पुढचं पुसलंय. चित्रपट हाय का नाटक का कुणाचं लगीन, मला सांगता येनार नाही. मशीनच नाही लावून बघायला.

पन एक सांगतो. कॅसेटची छोटी खिडकी उजेडाला धरून बघितली, टेपच्या कडेला पांढरी भुकटी हाय. ती बुरशी. तशीच मशीनमध्ये घातली तर बुरशी टेप वाचनाऱ्या हेडला चिकटनार, मग त्याच मशीनमध्ये चांगली कॅसेट घातली की तिलाबी लागनार. आधी खालचे पाच स्क्रू काढायचे, झाकन उचलायचं, रीळ कसं बसलंय त्याचा फोटो काढून ठेवायचा, कारन ती बारकी स्प्रिंग न् दोन रोलर उडून गेले की बसले शोधत. मग मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टेप हातानं हळूहळू त्यातून ओढायची. घाई केली की टेप सुरकुतनार, मग तिथं चित्र लोळतंय. एका कॅसेटीला अख्खी दुपार जाती.

ढगाळ_धाराशिव
घेऊ नका. हे तर माझ्या जांभळ्या डिस्कपेक्षा वाईट.

वजिराबादी
नका घेऊ. शेवटच्या कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं सोडलं. बेल्ट, रबर कुठून आणणार?

पितळखोरा
मी पण हेच म्हणतो, बेल्ट मिळत नाहीत. सिंहासन बघा.

लॉ_कॉलेज_रोड
लेबलवर ‘घाशी’ आहे म्हणून पंधराशे घालवू नका. बर्लिनला पत्र लिहा, त्याला पैसे पडत नाहीत.

मोंढानाका
सगळेच नको म्हणतायत तर माझंही नकोच. अजूनही सांगतो, चांगल्या प्रोजेक्टरशिवाय मजा नाही.

गोदाकाठचा_गडी
मंडळी, सगळ्यांचं वाचलं. बर्लिनला ईमेल काल गेला, लॉ कॉलेज सरांनी मसुदा तपासून दिला, आभार. पण उत्तर कधी येईल काय माहीत, त्यामुळं रविवारी जाफरगेटच्या बाजारात जाऊन व्हीसीआर घेऊन आलो. नऊशेला. माणूस तेराशे म्हणत होता. मी वरचं झाकण काढायला लावलं, आत रबरी बेल्ट बोटानं ताणून बघितला, चिकट नव्हता. त्याच्याकडं एक जुनी गाण्यांची कॅसेट होती, ती लावून दाखवली. आवाज आला, चित्र खालच्या बाजूला थोडं कापरं आहे.

गंजगोलाई भाऊ, ती ‘घाशी’ मला द्या. लग्न निघालं तर लग्न बघू.

गंजगोलाई
घेऊन जा की. पैसे नको, पोती दोन्ही उचला म्हन्लं तर चुलता जेवू घालील.

फुलंब्रीकर_बापू
नाटक निघालं तर मला सांगा.

मोंढानाका
गडी भाऊ, तुम्ही शौकीन माणूस दिसता. तारीख कळवा, मी प्रोजेक्टर घेऊन येतो जालन्याहून. भाडं नको, फक्त नाव घ्या कार्यक्रमात.

गोदाकाठचा_गडी
अरे वा, या की. पण व्हीसीआरला मागं पिवळी-पांढरी पिनच आहे. तुमच्या प्रोजेक्टरला ती लागते का?

मोंढानाका
बघतो.

मोंढानाका
नाही लागत. फक्त एचडीएमआय आहे. इतके पैसे मोजून एक साधं भोक दिलं नाही कंपनीनं.

वजिराबादी
मध्ये कन्व्हर्टर लावा, चार-पाचशेला मिळतो. एव्ही टू एचडीएमआय असं सांगून घ्या, उलटा देतात दुकानदार. त्याला वेगळी पाच व्होल्टची वायर लागते, मोबाइलच्या चार्जरवर चालते.

गोदाकाठचा_गडी
म्हणजे नऊशे अधिक पाचशे, वर लातूरची एसटी. बजेट गेलं. आमच्या हॉलवर जुना बल्बवाला आहे, त्याला पिवळी पिन आहे. मोंढानाका भाऊ, तुम्ही रिकाम्या हातानं या.

मोंढानाका
येतो. बल्ब किती तास चाललाय, बघून ठेवा.