स्प्रे ड्राय केलेली पावडर कॅप्सूलमध्येच चिकटते: एरोसिल वाढवू की ल्युसीन घालू?

पावडरवाली
एम.फार्म. दुसरं वर्ष, ठाण्याजवळचं कॉलेज. इनहेलरसाठी सालब्युटामॉल सल्फेट (दम्याचं औषध) आणि ट्रेहॅलोज (एक साखर) पाण्यात विरघळवून स्प्रे ड्राय करतेय, म्हणजे द्रावणाचे बारीक थेंब गरम हवेत वाळवतेय. कण साधारण ३ मायक्रॉनचे, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) अगदी गोल, गुळगुळीत. फ्लो मात्र शून्य. बल्क डेन्सिटी ०.२८, टॅप्ड (ठोकून बसवल्यावरची) ०.४६, म्हणजे कार इंडेक्स ३९ (ठोकल्यावर पावडर किती टक्के दबते ते; जितका जास्त तितका फ्लो वाईट). ०.५ टक्के एरोसिल २०० (अतिबारीक सिलिका) घालून पिशवीत हलवलं तर ३६ वर आला. कॅप्सूल उघडून उपडी केली तरी बरीच पावडर आतच. गाइड म्हणतात एरोसिल २ टक्के कर, सीनियर म्हणते ल्युसीन (एक अमिनो आम्ल) घाल. जुलै चालू आहे आणि लॅबचा एसी फक्त दुपारी असतो. कोणाचं ऐकू?

चाळण_४०
टॅब्लेटमध्ये आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो. एरोसिल थेट टाकायचं नसतं, त्याचे गोळे असतात. थोड्या पावडरीबरोबर ४० मेशच्या चाळणीतून काढा, मग बाकीच्यात मिसळा. तरी नाही जमलं तर शेवटी १ टक्का मॅग स्टिअरेट (मॅग्नेशियम स्टिअरेट, टॅब्लेटमधलं वंगण), ५ मिनिटं फिरवा. आमचे ग्रॅन्युल्स पाण्यासारखे वाहायचे.

खलबत्ता
चाळणराव, मेशचं बरोबर आहे. पण तुमचे ग्रॅन्युल्स १०० मायक्रॉनच्या पुढचे, ताईंचे कण ३ चे. एका ग्रॅममागे पृष्ठभाग तीसेक पटीने वाढला, तिथे अर्धा टक्का कुठे पुरणार? शिवाय वजन व्यासाच्या घनाने घटतं आणि चिकटण्याचं बल जेमतेम व्यासाच्या प्रमाणात. १० मायक्रॉनच्या खाली गेलात की गुरुत्वाकर्षणाला कोणी विचारत नाही. एरोसिलचे १२ नॅनोमीटरचे कण दोन कणांच्या मध्ये शिरून त्यांना दूर ठेवतात, पण त्यासाठी गोळे फुटून ते पृष्ठभागावर पसरायला हवेत. पिशवीत हलवून ते होत नाही. आणि ही पावडर फुप्फुसात जायची आहे. न विरघळणारी सिलिका तिथे कशाला पाठवायची? गाइडना एवढंच विचारा, नम्रपणे.

सीनियरचं ऐका. फक्त ल्युसीन वाळलेल्या पावडरीत मिसळू नका, फीडमध्येच, म्हणजे स्प्रे करायच्या द्रावणातच, विरघळवा. थेंब वाळताना ते स्वतःहून पृष्ठभागाकडे जातं: एक तर त्याला हवा-पाण्याच्या सीमेवर राहायला आवडतं, दुसरं म्हणजे २५ अंशांना लिटरमागे साधारण २४ ग्रॅमच विरघळतं, त्यामुळे ट्रेहॅलोजच्या आधी संपृक्त होऊन बाहेर कवच धरतं. कण सुरकुतलेले दिसतील. दिसू देत, गुळगुळीत कणांपेक्षा त्यांचा एकमेकांशी संपर्क कमी येतो. एकूण घन पदार्थाच्या १० ते २० टक्क्यांपासून सुरुवात करा. २ टक्क्यांच्या फीडमध्ये २० टक्के ल्युसीन म्हणजे १०० मिलीला ०.४ ग्रॅम, आरामात विरघळेल. फीड फार पातळ केलंत तर मात्र ल्युसीन उशिरा संपृक्त होईल, स्फटिक बनायला वेळच उरणार नाही.

मॅग स्टिअरेट इनहेलरला चालतं, ब्रेओ एलिप्टा या इनहेलरमध्ये आहे. पण ते पाण्यात विरघळत नाही, फीडमध्ये घालता येणार नाही. बाहेरून लावायचं तर रगडून लावणारं यंत्र हवं. ब्लेंडरमध्ये ५ मिनिटं फिरवून इतक्या बारीक कणांवर ठिगळंच पडतील.

दमट_कोकणी
सगळे पृष्ठभागावर बोलताय, पाण्याचं काय? स्प्रे ड्राय केलेलं ट्रेहॅलोज अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेलं, काचेसारखं. कोरडं असताना ग्लास ट्रान्झिशन (ज्या तापमानाला ते मऊ, चिकट होऊ लागतं) ११० अंशांच्या पुढे, पण ओलावा शोषला की धाडकन खाली येतं. ताई, कॅप्सूल जिलेटिनच्या आहेत का? त्यात १३ ते १६ टक्के पाणी असतं. तुमची पावडर ते आनंदाने पिणार.

पावडरवाली
हो, जिलेटिनच्याच. 😬 एचपीएमसीच्या (सेल्युलोजपासूनच्या, कमी ओलाव्याच्या) मागवते. @खलबत्ता, ल्युसीन खरंच पृष्ठभागावर आलंय हे दाखवायचं कसं? एक्सपीएसमध्ये (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी चाचणी) नायट्रोजन बघू?

खलबत्ता
नायट्रोजन सालब्युटामॉलमध्येही आहे, हिशेब गुंतेल. औषध न घालता फक्त ट्रेहॅलोज-ल्युसीनची एक बॅच काढा. ट्रेहॅलोजमध्ये नायट्रोजन नाही, जो दिसेल तो ल्युसीनचा. औषधाच्या बॅचला एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) करा. ६ अंशांजवळ टोक दिसलं तर ल्युसीन स्फटिकरूपात आहे. पसरट कुबड दिसलं तर अमॉर्फस, मग ओलाव्यापासून बचाव फारसा मिळणार नाही.

दमटरावांनी कॅप्सूलचं बरोबर पकडलं. पावडर सायक्लोनखालच्या (पावडर जिथे गोळा होते त्या) बाटलीतून काढल्या काढल्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाका, आणि बल्क डेन्सिटीचं माप दुपारी एसी चालू असतानाच घ्या, नाहीतर ल्युसीनचा फरक कुठला आणि पावसाचा कुठला हे कळणार नाही.

चाळण_४०
कार इंडेक्सवर थीसिस लिहू नका एवढंच म्हणतो. जमलं तर शिअर सेलवर (दाबलेली पावडर सरकवायला किती बल लागतं ते मोजणारं यंत्र) बघा. आणि शेवटी इम्पॅक्टरवर (फुप्फुसाची नक्कल करून कण आकारानुसार वेगळे करणारं यंत्र) किती पावडर पोचली ते. परीक्षक तेच विचारणार.